चोवीस कामट्या, बारा गाठी

पारंपरिक आकाशकंदिलाचा कागद सोलून काढला तर आत उरतो सहा चौकोनांचा सांगाडा. एक चौकोन वर, एक खाली आणि चार बाजूंना, एका कोपऱ्यावर उभे. प्रत्येकाच्या बांबूच्या चार कामट्या धरल्या तर एकूण 24. आधी चौकोन सुटे बांधून घ्यायचे आणि मग ते कोपऱ्यांशी एकमेकांना जोडायचे. एका कोपऱ्यात दोनच चौकोन भेटतात, म्हणून जोडणाऱ्या गाठी 12. एवढे झाले की मधल्या जागांत आठ त्रिकोण आपोआप उभे राहतात. त्यांच्यासाठी एकही जादा काडी लागत नाही. 24 काड्यांत 14 बाजूंची वस्तू तयार होते. मुंबईत गिरगावच्या वाड्यांत, लालबाग-परळच्या चाळींत सहामाही परीक्षेचा शेवटचा पेपर देऊन आलेली मुले हे बांधत आली आहेत. आपण बांधतो आहोत ती आर्किमिडीजच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 13 घनाकृतींपैकी एक आहे, याची बहुतेकांना कल्पना नसते. असण्याची गरजही नाही.

या आकृतीचा एक गुण मात्र कंदील करणाऱ्याच्या फार उपयोगाचा आहे. तिच्या मध्यापासून प्रत्येक कोपऱ्याचे अंतर बाजूच्या लांबीएवढेच भरते. म्हणजे 9 इंचांची कामटी घेतली, तर कंदील एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत 18 इंच होणार, आणि वरच्या चौकटीपासून खालच्या चौकटीपर्यंतची उंची पावणेतेरा इंचांच्या आसपास. बांबू लागणार 18 फूट, शिवाय टोकांना बांधणीपुरती लांबी. खिडकीत मावेल का, दिव्याभोवती पुरेशी मोकळी जागा राहील का, हे कामटी तोडण्याआधीच कळते. कामटी काढताना बांबूची पाठ, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत भाग, टाकून देऊ नये. बांबूचे तंतू बाहेरच्या अंगाला जास्त दाट असतात. बळ तिथे आहे. बुरुडाकडे जायचे नसेल तर कोकणातून आलेल्या खराट्याचे हीर लहान कंदिलाला पुरतात. चाळीत दिवाळीच्या तोंडावर खराटे एकदम बारीक होत, त्याचे कारण हेच.

बांधून झालेला सांगाडा हातात घेतला की डुलतो, पिळवटतो. आपली बांधणी कच्ची राहिली असे वाटून मुले गाठी आवळत बसतात. दोष गाठींचा नसतो. त्रिकोणाच्या तीन काड्या एकमेकींना जागच्या जागी धरतात, पण चौकोन कलंडून शंकरपाळ्याच्या आकाराचा होऊ शकतो, आणि इथे असे सहा चौकोन आहेत. अमेरिकन रचनाकार बकमिन्स्टर फुलर यांना या लवचीकतेचे मोठे वेड होते. कोपरे सैल ठेवलेली ही आकृती वरून दाबली की ती गोल फिरत मिटत जाते आणि शेवटी अष्टफलकाएवढी आटते, हे ते व्याख्यानांत करून दाखवत. सांगाडा पुरता घट्ट करायचा तर हिशेबाने आणखी सहा काड्या लागतात, प्रत्येक चौकोनात एक तिरकी. कंदिलात वरच्या चौकोनाला दिवा टांगण्यासाठी आडवी काडी असतेच, खालीही एक बसवता येते. बाजूच्या चार चौकोनांत काडी घातली तर उजेडात तिची सावली पडणार. तिथे ते काम कागद करतो. ताणून बसलेला पातळ कागद दाबाला टिकत नाही, पण ओढीला चांगला टिकतो. चौकोन कलंडू लागला की त्याचा एक कर्ण लांबायला बघतो आणि कागद त्याला लांबू देत नाही. सजावट म्हणून लावलेला कागद खरे तर बांधकामाचा भाग आहे. विज्ञान-खेळणी बनवणारे अरविंद गुप्ता यांनी पुण्यात आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अनेक वर्षे काम केले. आगकाड्यांची टोके सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबच्या तुकड्यांत खोचून त्यांनी चौकोन-त्रिकोणाचा हाच धडा हजारो मुलांच्या हाती दिला: घन डुलतो, त्रिकोणांचा मनोरा डुलत नाही. कंदील करणाऱ्या मुलाला तो धडा कागद लावायच्या आधी आणि नंतर सांगाडा हलवून बघितला की मिळतो.

कागद कशाने चिकटवायचा, यावर मी हट्टी आहे. खळीने. मैदा किंवा कणीक थंड पाण्यात कालवून घ्यायची, गुठळी मोडेपर्यंत, आणि मग मंद आचेवर ढवळत राहायचे. एका वाटीला पाच-सहा वाट्या पाणी. साधारण 60 अंशांच्या पुढे पिठातले स्टार्चचे कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात आणि पांढरट पाणी एकाएकी चकचकीत, पारदर्शक होऊ लागते. तिथे खळ झाली. पीठ थेट उकळत्या पाण्यात टाकले तर गोळीचा बाहेरचा थर आधी शिजून बंद होतो, आत कोरडे पीठ अडकते, आणि मग कितीही घोटा, गुठळ्या राहतात. झुरळे-कसर लागू नये आणि बुरशी धरू नये म्हणून जुने लोक खळीत चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, विषारी. तो घालायचा असेल तर भांडे स्वयंपाकाचे नको आणि काम मोठ्या माणसाच्या हातात हवे. दिवाळीपुरत्या कंदिलाला त्याची गरज नाही.

खळीत पाणी असते, आणि हाच तिचा फायदा. पतंगी कागद ओला झाला की त्याचे तंतू फुगून तो सैलावतो, वाळताना आकसतो. कडा आधीच चिकटलेल्या असल्यामुळे आकसणारा कागद चौकटीवर ताणला जातो. म्हणून कागद लावल्यावर तो थोडा सुरकुतलेला दिसला तर ओढाताण करू नये. सावलीत तासभर ठेवावा.

रंगांच्या बाबतीत पिढी बदलली की नियम बदलतो. पूर्वी कंदिलात पिवळ्या उजेडाचा साधा बल्ब असे. त्या उजेडात निळा भाग फार कमी, त्यामुळे निळा कागद लावलेला कंदील रात्री मलूल दिसे आणि गुलाबी, नारिंगी, पिवळे कागद बाजी मारत. आजच्या पांढऱ्या एलईडीच्या उजेडात निळा भरपूर असतो. निळा कंदील आता कुठे खुलतो. शिवाय जुना बल्ब खाल्लेल्या विजेतला बहुतेक भाग उष्णतेवर उधळी, म्हणून कागद दूर ठेवावा लागे आणि वरची चौकट उघडी. एलईडी घेतला तरी वरचे तोंड झाकू नये, पण काळजी कमी झाली हे खरे. दोन रंगांचे कागद एकावर एक लावले तर तिसरा मिळतो: निळ्यावर पिवळा हिरवा दिसतो, गुलाबीवर पिवळा नारिंगी. चार रंगांचे कागद आणून सात रंग काढणे यात खरी करामत आहे. कडांना सोनेरी पट्ट्या, कोपऱ्यांवर कागदी करंज्या आणि खाली झिरमिळ्या. झिरमिळ्यांच्या शेपट्या कापताना कागदाच्या घड्या घालून एकदाच कात्री चालवावी. चार माणसांचे काम एक जण करतो.

हे सगळे मुंबईत चाळीत का रुजले, हे चाळीच्या मापांतून समजते. मुंबईची पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला उभारली. 1854 साली कंपनी निघाली आणि 1856 साली सूत निघू लागले. पुढच्या शंभर वर्षांत परळ, लालबाग, लोअर परळ, वरळी गिरण्यांनी भरत गेले आणि कोकण-घाटावरून आलेला कामगार चाळीत राहू लागला. 1920च्या दशकात सरकारने बांधलेल्या बीडीडी चाळी घ्या: वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून 207 इमारती, आणि खोली 160 चौरस फुटांची. त्या खोलीत अख्खे कुटुंब, वर गावाहून आलेला भाचा. 18 इंचांचे पाच कंदील खोलीत करायचे म्हटले तर माणसांना बाहेर झोपावे लागेल. काम गॅलरीत आले, आणि गॅलरी सगळ्यांची. कामट्या तासणारा एक, गाठी मारणारे दोघे, कुणाच्या तरी आईच्या स्टोव्हवर खळ, आणि लहान पोरांना शेपट्या. बांबू आणि कागद घाऊक आणला की प्रत्येकी खर्च किरकोळ. एका मजल्यावर एकाच रंगाचे, एकाच मापाचे कंदील लागले की त्यात हौस असे आणि हिशेबही असे. कोणाचा मोठा, कोणाचा लहान हा प्रश्नच मिटे.

आता काटकसरीबद्दल. घरी केलेली वस्तू स्वस्त पडते हे वाक्य आपण न तपासता बोलतो. बाजारात घडीचे प्लास्टिकचे कंदील इतके स्वस्त मिळतात, की दुकानातून नवा बांबू, नवा कागद, गोंद, टिकल्या, लेस आणून घरी केलेला कंदील हमखास महाग पडतो. क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या अब्दुल रहमान स्ट्रीटवर एक चक्कर मारून बघा. कागद, पुठ्ठे, रंग, मणी, फिती, सुया, साचे. माणूस एका जिलेटीन कागदासाठी जातो आणि दोन पिशव्या भरून येतो. हस्तकलेचे सामान जमवणे हा आता स्वतंत्र छंद झाला आहे, आणि तो काटकसरीचा मुळीच नाही.

काटकसर होते ती वस्तूपासून सुरुवात न करता सामानापासून केली तर. घरात काय पडले आहे ते आधी बघायचे आणि मग त्याचे काय होईल ते ठरवायचे. चित्र बघून सामान आणले की पैसे जातात. सामान बघून चित्र काढले की डोके चालते, कारण तुटपुंजे सामान अडवते आणि अडले की युक्ती सुचते. शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला आपण नेमके उलटे केले. ‘टाकाऊतून टिकाऊ’ या नावाखाली आइस्क्रीमच्या नव्याकोऱ्या काड्यांची पुडकी दुकानातून आणायची, त्यांचा पेनस्टँड करायचा आणि तो वर्षभर धूळ खात ठेवून फेकायचा. यात टाकाऊ काय होते आणि टिकाऊ काय झाले, कोण जाणे. लग्नाच्या रुखवताचेही तेच झाले. मुलीकडच्या बायकांनी महिनोन्‌महिने मण्यांची तोरणे, क्रोशाचे रुमाल, विणलेले पडदे करून मांडावेत आणि वरपक्षाने हरखून बघावेत, अशी ती मांडणी असे. आता दादरला तयार रुखवत मिळते. त्यात गैर काही नाही, पण ते सामान आहे. बायकांचे हात त्यात दिसत नाहीत.

सामानापासून सुरुवात कशी करायची, हे शिकावे गोधडीकडून.

सुती नऊवारी साडी साधारण 27 फूट लांब आणि चार फुटांच्या आतबाहेर रुंद. तिची चार पदरी घडी घातली तर पावणेसात फूट बाय चार फूट: एका माणसाचे अंथरूण, चार थरांचे. वरून आणि खालून दुसऱ्या साडीचे धडके भाग लावले की सहा थर. साडी कुठे विरते हे नेसणारीला पाठ असते; बसण्याची जागा आणि निऱ्यांची खालची कड आधी जाते, पदर आणि सुरुवातीचा भाग शेवटपर्यंत टिकतो. म्हणून विरलेले आत, धड बाहेर. चहूबाजूंनी कच्चे टाके घालून थर आधी पक्के करायचे, नाहीतर शिवता शिवता कापड सरकत जाते आणि मध्ये फुगा येतो. मग धावदोरा. सगळ्यात सोपा टाका, पण एकसारखा घालत हातभर लांब नेणे सोपे नाही. कडेकडेने सुरू करून चौकटीत चौकट घालत मध्यापर्यंत यायचे, किंवा सरळ ओळी मारायच्या. ओळी जितक्या जवळ, गोधडी तितकी टिकाऊ आणि तितकी कडक. दूर ठेवल्या तर मऊ, पण दोन पावसाळ्यांत आतले थर गोळा होतात. बोटभर अंतर बरे.

गोधडी उबदार का, याचे उत्तर कापडात नाही, थरांमधल्या हवेत आहे. अडकलेली हवा उष्णता सहज वाहू देत नाही. सहा पातळ थरांत ती जितकी अडकते तितकी तेवढ्याच वजनाच्या एका जाड कापडात अडकत नाही. आणि जुने कापडच का? नव्या सुती कापडात कांजी असते आणि ते पहिल्या धुण्यांत आटते. जुन्याबरोबर नवे शिवले तर नवे आकसून सगळ्या गोधडीला सुरकुत्या पाडते. नवे वापरायचेच असेल तर आधी दोनदा गरम पाण्यातून काढावे. सिंथेटिक साड्या आल्यापासून गोधड्या बिघडल्या, अशी जुन्या बायकांची तक्रार असते. ती खरी आहे. नायलॉन घाम पीत नाही, घसरते आणि अंगाला बोचते.

परळ-लालबागच्या गिरणगावात कापडाशी ओळख वेगळी होती. घरातला माणूस गिरणीतल्या साचाखात्यात किंवा कांडीखात्यात, त्यामुळे ताणा-बाणा, सुताचा नंबर, कापडाची कड हे शब्द घरात फिरत. ठाणातून उरलेला तुकडा कुठल्या कामाला येईल हे बायका बोटांनी चाचपून सांगत. उशीचा अभ्रा, पोराचा लेंगा, त्याची झालेली पिशवी, पिशवीचे झालेले पायपुसणे आणि शेवटी गोधडीच्या आत. एकेक कापड पाच-पाच जन्म घेई. जपानमध्ये गरीब शेतकरी आणि कोळी ठिगळावर ठिगळ देत जी बोरो वस्त्रे शिवत ती आज संग्रहालयांत आहेत; बंगालचा कांथाही जुन्या साड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानेच उभा राहतो. जिथे कापड महाग आणि हात मोकळे, तिथे हा टाका कुणी न शिकवता पोचलेला दिसतो.

घरातल्या सामानातून होणाऱ्या गणपतीच्या मखराबद्दलही थोडक्यात. मधली तीसेक वर्षे थर्माकोलने खाल्ली, कारण ते हलके, पांढरे आणि सुरीने लोण्यासारखे कापले जाई. मार्च 2018मध्ये राज्य सरकारने प्लास्टिकबरोबर थर्माकोलच्या सजावटीवरही बंदी घातली, आणि घराघरांत पुन्हा पुठ्ठा, साड्या आणि कागद आले. खोक्याचा पुठ्ठा वापरताना त्याच्या आतल्या पन्हाळी उभ्या येतील असा कापावा. आडव्या आल्या तर खांब मूर्तीच्या शेजारीच दुमडेल. वाकवायचा असेल तिथे मात्र पन्हाळीला समांतर रेघ मारावी. वाण्याकडून फुकट मिळालेल्या दोन खोक्यांत दीड दिवसाच्या गणपतीची महिरप होते. वर्षभर जपलेली जरीची साडी मागे लावली तर रंगाचा डबाही लागत नाही.

हौस आणि पोटापाण्याचे काम यांची गल्लत मात्र करू नये. माहीमला लेडी जमशेदजी रस्त्याजवळ कंदील गल्ली आहे. तिथे दिवाळीआधी रहिवासीच कंदील करून विकतात आणि मोसमाचे चार पैसे मिळवतात. हौस तिथे आहेच, पण तारीख, गिऱ्हाईक आणि भाव हेही आहेत. याउलट 18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले, आणि त्यानंतरच्या वर्षांत गिरणगावातल्या कितीतरी घरांत बायकांनी डझनाच्या हिशेबाने मिळेल ते हातकाम केले. तेच मणी, तीच सुई, पण त्याला कलाकुसरीचा आनंद म्हणणे हा त्या बायकांचा अपमान होईल. हौस ती, जी मध्येच सोडून चहा घ्यायला उठता येते. कुणी आपल्याकडून कंदील विकत मागितला तर सामानाच्या खर्चावर भाव सांगू नये. दोन संध्याकाळींच्या श्रमांची किंमत धरावी. मग बाजारात हाताने केलेला कंदील महाग का, ते समजते आणि तिथे घासाघीस करणे सुटते.

राहिला जागेचा प्रश्न. चाळी जाऊन टॉवर येत आहेत, गॅलरी गेली, पोटमाळाही गेला, आणि 18 इंचांचा कंदील वर्षभर ठेवणार कुठे, म्हणून लोक दरवर्षी नवा आणतात आणि जुना कचऱ्यात टाकतात. खळीने केलेल्या कंदिलाला ही अडचण नाही. तुळशीचे लग्न झाले, त्रिपुरी पौर्णिमा झाली की तो उतरवावा आणि कडांवरून ओले फडके फिरवावे. स्टार्च पुन्हा मऊ पडतो आणि कागद सुटून येतो. लाकूडकामाच्या पांढऱ्या गोंदाने चिकटवलेला असेल तर खरवडत बसावे लागेल. करंज्या आणि सोनेरी पट्ट्या धड असतील तर वहीत दाबून ठेवाव्यात. कामट्या पुसून दिवसभर उन्हात वाळवाव्यात, नाहीतर बांबूला भुंगा लागतो. मग चौकोन जोडणाऱ्या 12 गाठी कापाव्यात. चौकोन मोडू नयेत. सुटलेल्या सहा चौकटी एकावर एक ठेवल्या की 9 इंचांची चपटी थप्पी होते, दोन बोटांहून फार जाड नसलेली. ती कपाटाखाली सरकते. पुढच्या वर्षी फक्त पतंगी कागद आणायचा.